नऊ वर्षांनी कन्फेशनला जायचंय आणि पाय उचलत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीसगावकडच्या एका कॅथलिक ताईंनी लग्न झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, एकदाही कन्फेशन (फादरसमोर पापं सांगून देवाची क्षमा घेणं) केलेलं नाही. मुलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद (चर्चमधल्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) मे महिन्यात आहे, त्याआधी आपणही करावं असं त्यांना मनापासून वाटतं. पण फादर ओळखीचे आणि मुलगी त्यांच्याच शाळेत. काय म्हणायचं असतं तेही विसरलं आहे. शिवाय एक गोष्ट त्यांनी लग्नाआधीच्या कन्फेशनमध्येही लाजेपोटी सांगितली नव्हती. लग्न नवऱ्याच्या अलायन्स या प्रोटेस्टंट चर्चमध्ये झालं. दोनदा चर्चच्या दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या.

ताई, आधी त्या न सांगितलेल्या गोष्टीचं बघू. बाकीची भीती बहुतेक तिच्यामुळेच वाढलेली असते.

पाप विसरणं आणि पाप दडवणं यांत फरक आहे. मनापासून आठवूनही एखादी गोष्ट राहिली, तर तिचीही क्षमा झालेली असते. नंतर आठवली आणि ती गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगायची, एवढंच. ती गोष्ट पाप आहे हे तेव्हा ठाऊकच नसेल, तरी ते दडवणं नव्हे. पण गंभीर आहे हे माहीत असून लाजेने गाळली असेल, तर चर्चच्या शिकवणीप्रमाणे ते कन्फेशन पूर्ण झालेलंच नाही, आणि त्यात सांगितलेली बाकीची गंभीर पापंही पुन्हा सांगावी लागतात. ऐकायला हे जड वाटतं, पण दुरुस्त करायला वाक्यं मोजून तीन लागतात: "फादर, माझं मागचं कन्फेशन नऊ वर्षांपूर्वी झालं. त्यात एक मोठं पाप मी लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. ते पाप असं." त्यानंतर त्या पापाचं नाव. मधल्या काळात ख्रिस्तप्रसाद घेतला असेल तर तेही सांगायचं.

आणि हे सगळ्यात आधी सांगायचं. या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. घाबरलेला माणूस नेहमी उलट्या क्रमाने जातो. गुडघे टेकल्यावर तोंड कोरडं पडतं, नजर फादरच्या आणि आपल्यामधल्या जाळीवर खिळते आणि सोपं सोपं बाहेर पडायला लागतं: राग येतो, खोटं बोलते, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकते, प्रार्थनेत लक्ष लागत नाही. दर वाक्याला ती मोठी गोष्ट एक पाऊल जवळ येते, छातीची धडधड वाढते, आणि ती ओठावर येणार त्याच क्षणी तोंडातून निघतं, "एवढंच, फादर." असे कन्फेशन अर्ध्यावर सुटतात. जड ओझं पहिल्या मिनिटात उतरवलं की पुढची पाच मिनिटं श्वास आपोआप संथ होतो.

नाव तोंडातून निघतच नसेल तर तीही सोय आहे. सरळ म्हणा, "फादर, एक गोष्ट सांगायला फार जड जातंय, तुम्ही विचारा, मी उत्तर देते." फादर देवाच्या दहा आज्ञांतली एकेक घेऊन विचारतील, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या धर्मगुरूला हे नवीन नसतं आणि तुमची गोष्टही नवीन नसते.

आता सांगायचं किती? चर्चचा कायदा (१९८३ ची संहिता, कलम ९८८) गंभीर पापांबद्दल दोन गोष्टी मागतो: प्रकार आणि संख्या. पापाचं स्वरूप बदलेल अशी परिस्थिती असेल तर तीही सांगावी. विवाहित माणसाशी संबंध ही अशी परिस्थिती. तो कोण, कुठल्या गावचा, ही नव्हे. दुसऱ्याचं नाव घ्यायचंच नाही. फादरनीही सहभागी माणसाचं नाव विचारू नये असं कलम ९७९ सांगतं. गंभीर पापाला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, ती तशी आहे हे पुरतं ठाऊक असणं, आणि तरीही मनाने होकार देणं. यातली एक जरी नसेल तर ते गंभीर पाप ठरत नाही. हलकी पापं सांगणं चांगलं, पण ती सांगायलाच हवीत असं बंधन नाही.

नऊ वर्षांची संख्या कुणालाच आठवत नाही. "महिन्यातून एकदा-दोनदा, साधारण चार वर्षं" एवढा अंदाज पुरतो.

सगळ्यात जास्त गडबड होते ती गोष्ट आणि पाप यांची गल्लत झाल्यामुळे. "सासूबाई असं बोलल्या, मग जाऊबाईंनी कान भरले, म्हणून मी माहेरी गेले" यात तीन मिनिटं जातात आणि पापं सगळी सासूबाईंची सांगितली जातात. त्याऐवजी, "सासूशी दोन वर्षं मुद्दाम बोलणं टाकलं." संपलं. उलट टोकाला मोघमपणाही नको. "धंद्यात लबाडी केली" यावरून फादरना काहीच कळत नाही. "कापूस मोजून घेताना काटा मारला, क्विंटलमागे दीडेक किलो, तीन हंगाम" म्हटलं की कळतं की इथे नुसती क्षमा पुरणार नाही, घेतलेलं परत करावं लागेल. ते परत करण्यासाठी गावात उभं राहून कबुली द्यावी लागत नाही. पुढच्या मालाला भाव वाढवून, गुपचूप, कसंही पोचवता येतं. माणूस सापडतच नसेल तर तेवढी रक्कम गरिबाला द्यायची. फादर यात मार्ग काढून देतात, म्हणून आकडा सांगणं तुमच्याच सोयीचं.

तयारीसाठी आदल्या दिवशी अर्धा तास द्या, त्याहून जास्त नको. दहा आज्ञा एकेक घ्या आणि प्रत्येकीखाली स्वतःला एक प्रश्न विचारा. आपल्याकडे पहिल्या, म्हणजे एकाच देवाला भजण्याच्या, आज्ञेखाली पुष्कळांचं काहीतरी निघतं: मूल आजारी पडलं म्हणून भगताकडे नेणं, गंडा-ताईत बांधणं, कुणीतरी करणी केली असं धरून शेजारणीशी वैर. पाचवीखाली फक्त खून नसतो. दारू पिऊन बायकामुलांवर हात उगारणं, गर्भ पाडणं हेही तिथेच येतं. गर्भपाताबद्दल एक जुनी भीती अजून फिरते, की हे फक्त बिशपच माफ करू शकतात. तसं नाही. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये ही पापमुक्ती देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. कुणा बाईच्या मनावर हे दहा-वीस वर्षं बसलेलं असेल, तर तिने जवळच्या कुठल्याही फादरकडे जावं.

जे पाप नाही ते यादीत घेऊ नका. मनात येऊन गेलेला विचार, ज्याला थारा दिला नाही, तो पाप नाही. स्वप्न नाही. मन उदास राहतं, झोप लागत नाही, हे दुखणं आहे. ज्या पाड्यावर फादर महिन्यातून एकदा येतात तिथल्या माणसाला उरलेल्या रविवारी मिस्सा मिळत नाही, हे त्याचं पाप नाही. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्यांना जवळपास चर्चच नसेल तर त्यांचंही नाही.

यादी चिठ्ठीवर लिहून नेली तरी चालते. वहीचा पाव कागद, आठ-दहा ओळी, त्याही खुणेच्या शब्दांत. मोबाईलमध्ये लिहू नका. घरात फोन दहा जण हाताळतात. आणि फोनवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून कन्फेशन होत नाही, संस्कारासाठी समोर असावं लागतं.

क्रम साधा आहे. तुमच्या मुलीचंही पहिलं कन्फेशन पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधी होणार, तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सध्या हेच शिकत असेल. तिची वही मागून घ्या, दोघी मिळून पाठ करा. तिला तर आनंदच होईल. क्रूसाची खूण करायची. "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे" असं म्हणून मागचं कन्फेशन केव्हा झालं ते सांगायचं. मग पापं, जड ते आधी. शेवटी "या आणि न आठवलेल्या सगळ्या पापांबद्दल मला दुःख होतं." फादर दोन शब्द बोलतात, प्रायश्चित्त सांगतात आणि पश्चात्तापाची प्रार्थना करायला सांगतात. ती पाठ नाही म्हणून लोक येत नाहीत, हे वाईट वाटण्याजोगं आहे, कारण विधीतच छोट्या प्रार्थना दिलेल्या आहेत. "प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" एवढी एक ओळ पुरते. त्यानंतर फादर हात पुढे धरून पापमुक्तीचे शब्द उच्चारतात, तुम्ही "आमेन" म्हणायचं. नऊ वर्षांचं असलं तरी सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं.

मध्येच गोंधळलात तर "फादर, मी विसरले" म्हणा. पुढची पायरी तेच सांगतात. रडू आलं तर येऊ द्या, पदराने डोळे पुसा आणि पुढे बोला. फादर थांबतात.

भाषा हाही अडसर होतो. फादर केरळचे असतील, तामिळनाडूचे असतील, वसईचे किंवा नगरकडचे. प्रमाण मराठीत बोलता येत नाही म्हणून आजीबाई मागे सरतात. कन्फेशन कुठल्याही भाषेत करता येतं. "मन्ही चुकी व्हयनी" म्हटलं तर देवाला अहिराणी कळते, आणि इथे दोन-तीन वर्षं राहिलेल्या फादरनाही बऱ्यापैकी कळते. भिली, मावची, पावरी बोलणाऱ्याला फादरची भाषा अजिबात येत नसेल तर दुभाषा घेण्याचीही मुभा आहे. त्या दुभाष्यालाही गुपित पाळण्याचं बंधन असतं. भुसावळच्या रेल्वेतल्या गोवेकर घरांत याला कुमसार म्हणतात. शब्द कुठलाही असो, गोष्ट तीच.

आता ओळखीच्या फादरबद्दल. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर शब्दाने, खुणेने, कशानेही बाहेर काढू शकत नाहीत. जाणूनबुजून फोडलं तर त्याच क्षणी ते चर्चमधून बहिष्कृत होतात आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे असतो. एवढं लोकांना साधारण माहीत असतं. माहीत नसतं ते कलम ९८४: फादर ऐकलेल्या गोष्टीचा तुमच्या विरुद्ध *उपयोगही* करू शकत नाहीत, ती कुणाला न सांगतासुद्धा. म्हणजे फादर शाळेचे मॅनेजर असतील आणि तुम्ही काही सांगितलं असेल, तर त्यावरून मुलीचा प्रवेश, फी-सवलत, शिक्षिकेची नोकरी, यातल्या कशावरही परिणाम होता कामा नये. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात भेटले तरी ते स्वतःहून तो विषय काढणार नाहीत. तुम्ही काढलात तरच बोलतील.

हे पटूनही धीर होत नसेल तर दुसऱ्या फादरकडे जा. कुणाकडे कन्फेशन करायचं ते निवडण्याचा हक्क कलम ९९१ देतं, आणि त्यात आपल्या फादरचा अपमान नाही. शहरात चार चर्च असतात, आपल्याकडे एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, दोन-दोन तालुके, म्हणून लोकांना वाटतं की पर्यायच नाही. चाळीसगावहून जळगाव, भुसावळ, धुळे किंवा मनमाडला गाडीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. आधी फोन करून फक्त एवढं विचारा, "फादर, कन्फेशनसाठी कधी भेटाल? मला पंधरा-वीस मिनिटं लागतील." नाव सांगायची गरज नाही. दुसरी संधी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मिळते. पॅरिशमध्ये प्रायश्चित्ताची प्रार्थना ठेवतात तेव्हा बाहेरगावचेही फादर येऊन बसतात.

मात्र पवित्र आठवड्यापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या अगदी आधीच्या आठवड्यापर्यंत, थांबू नका. तेव्हा रांग मोठी, फादर थकलेले, आणि मागे उभे असलेले घड्याळाकडे बघतात; नऊ वर्षांचं कन्फेशन त्या घाईत नीट होत नाही. रविवारी मिस्साच्या पाच मिनिटं आधी फादर झगा घालत असताना गाठणं हेही तसंच. आठवड्याच्या मधला एखादा वार, सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर, हा सगळ्यात चांगला. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चारला पत्र्याच्या छपराखाली रांगेत उभं राहिलं की जळगाव-धुळ्याच्या उन्हाने घेरी येते, आणि माणसाला वाटतं की पापाच्या भीतीने आली. पाणी पिऊन जा. ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपास पाण्याने मोडत नाही, औषधानेही नाही.

जाळीच्या मागे बसायचं की समोरासमोर, हे फार लोक विचारत नाहीत, पण विचारावं. जाळी लावलेली कन्फेशनची पेटी सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांनी रूढ केली, ती मुख्यतः बायकांचं कन्फेशन ऐकताना मध्ये आड राहावा म्हणून. ती हवी असेल तर मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाड्यावर चर्चची इमारतच नसते. तिथे शाळेच्या खोलीत किंवा निंबाखाली प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडतात. खुर्च्या समोरासमोर न ठेवता आडव्या ठेवा, म्हणजे फादरचा कान तुमच्याकडे आणि नजर दुसरीकडे राहते. रांग दहा-बारा पावलं मागे हवी. मास्तरांना सांगून तेवढा वेळ गाणं लावून द्या. ऐकू जाईल ही भीती तिथेच संपते. चुकून कुणाच्या कानावर काही पडलंच, तर त्यालाही ते गुपित ठेवणं बंधनकारक आहे.

फादर रागावले तर? क्वचित होतं. ऐकून घ्या, पापमुक्ती घ्या, पुढच्या वेळी दुसरीकडे जा. त्यांचा स्वर चढला म्हणून क्षमा कमी होत नाही. पण पापाशी संबंध नसलेले खाजगी, शरीराबद्दलचे प्रश्न कुणी खोदखोदून विचारू लागला, अंगाला हात लावला, किंवा कन्फेशनचा आधार घेऊन वाईट मागणी केली, तर तिथून उठायचं. क्षमेची वाट बघायची नाही. चर्चच्या कायद्यात हा फार गंभीर गुन्हा आहे. गुपिताचं बंधन फादरवर आहे, तुमच्यावर नाही; तुम्ही बिशपांना आणि पोलिसांनाही सांगू शकता. खान्देशचे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात, तेव्हा पत्र तिथे जातं.

लग्नाचा मुद्दा मात्र कन्फेशनच्या आधी हाताळा, ताई. कॅथलिक व्यक्तीचं लग्न दुसऱ्या चर्चमध्ये किंवा कोर्टात होणार असेल तर बिशपांची सूट लागते. तुमच्या लग्नाच्या वेळी ती घेतली होती का, आठवा. घेतली असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर चर्चच्या दृष्टीने ते लग्न अजून मान्य झालेलं नाही, आणि तसं असेपर्यंत फादर पापमुक्ती देणं थांबवू शकतात. कन्फेशनला बसल्यावर हे पहिल्यांदा कळलं की लोक हादरतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून आधी पॅरिशच्या ऑफिसात जा, बाप्तिस्म्याचा दाखला आणि लग्नाचा दाखला घेऊन. बहुतेक वेळा फादर आणि दोन साक्षीदारांसमोर दोघांनी पुन्हा संमती दिली की काम होतं. नवरा त्याला तयार नसला तरी, दोघांना संसार टिकवायचा आहे एवढं खरं असेल, तर बिशप ते लग्न मुळापासून मान्य करू शकतात. कागद नाशिकला जाऊन यायला वेळ लागतो, मे जवळ आहे, तेव्हा हे याच आठवड्यात करा. मुलीचा ख्रिस्तप्रसाद यामुळे अडत नाही.

नवऱ्याकडचे विचारतीलच, "पाप देवाला सांगायचं, माणसाला कशाला?" नवापूरपासून धुळ्यापर्यंत अलायन्सच्या घरात लग्न होऊन गेलेल्या कॅथलिक मुलींना हा प्रश्न ठरलेला. वाद घालू नका. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडून द्या. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशू शिष्यांवर फुंकर घालतो आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांना देतो. आपण फादरकडे जातो ते या अधिकारामुळे. देवाला तर आपण आधी सांगतोच.

एक वेगळी भीतीही असते. कन्फेशन झालं, पापमुक्ती मिळाली, तरी "नीट सांगितलं नसेल तर?" म्हणून तेच पाप पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. एकदा क्षमा झालेलं पाप परत सांगायची गरज नाही. असं सारखंच होत असेल तर एकच फादर धरा आणि ते म्हणतील "हे आता सांगू नका," तर ऐका. हात धुण्याचं, कडी तपासण्याचंही तसंच वेड असेल तर मानसोपचार डॉक्टरांकडेही जा. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

झाल्यावर लगेच उठून घरी पळू नका. प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितली असेल तर तिथेच बाकावर बसून म्हणा, म्हणजे विसरायची भानगड नाही. सांगितलेलं जमण्यासारखं नसेल, समजा दर शुक्रवारी मिस्साला या म्हणाले आणि तुमच्या गावाहून एसटीच नाही, तर उठण्याआधीच सांगा. फादर बदलून देतात. काय सांगितलं तेच ऐकू आलं नसेल तर पुन्हा विचारा. घरी गेल्यावर चिठ्ठी चुलीत घाला.